डॉ. मॉन्टी नायकर आणि ‘डॉक्टरांचा करार’

दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांच्या लढ्याचा इतिहास आपल्याकडे प्रायः १८९३ ते १९१४ या एकवीस वर्षांपुरताच वाचला जातो. गांधीजी तेथून निघाले की अभ्यासकाचे लक्षही त्यांच्याबरोबर स्वदेशी परतते आणि मागे राहिलेल्या लोकांचे पुढे काय झाले, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो. वस्तुतः त्या लढ्यातील सर्वांत मोठे वैचारिक स्थित्यंतर १९१४ नंतर, म्हणजे १९४३ ते १९४९ या काळात घडून आले. तोवर जो प्रश्न ‘हिंदी लोकांचे हक्क’ या नावाने ओळखला जाई तो या काळात ‘माणसाचे हक्क’ या स्वरूपात मांडला जाऊ लागला. हे स्थित्यंतर घडविणारी प्रमुख माणसे वकील नव्हती, व्यापारीही नव्हती. ती वैद्यकीचा व्यवसाय करणारी होती. डर्बनचे डॉ. गंगाथुरा मोहंब्री नायकर, ज्यांना सारे मॉन्टी नायकर म्हणत, हे त्यांपैकी एक. त्यांच्या चरित्राच्या अनुषंगाने या स्थित्यंतराचा, आणि त्याच्या मर्यादांचाही, विचार करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतु आहे.

प्रथम जुनी भूमिका लक्षात घेतली पाहिजे. नोव्हेंबर १८६० मध्ये गिरमिटिया मजुरांचे पहिले जहाज मद्रासहून डर्बनला पोहोचले आणि १९११ पर्यंत दीड लाखांहून अधिक मजूर नाताळात उतरले. त्यांच्यामागून स्वतःच्या खर्चाने गेलेले गुजराती व्यापारी आले. या लोकांच्या वतीने जी गाऱ्हाणी मांडली जात त्यांना आधार असे तो साम्राज्याच्या प्रजाजनत्वाचा, राणीच्या जाहीरनाम्याचा किंवा एखाद्या लेखी आश्वासनाचा. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१० साली केंद्रीय विधिमंडळात मांडलेल्या ठरावामुळे नाताळला गिरमिटिया मजूर पाठविणे पुढील वर्षी बंद झाले. १९१२ च्या अखेरीस गोखले स्वतः दक्षिण आफ्रिकेत गेले. बोथा व स्मट्स यांना प्रिटोरियास भेटले आणि तीन पौंडांचा जिझिया कर रद्द होणार असा विश्वास घेऊन परतले. ते आश्वासन पाळले गेले नाही. १९१३ चा प्रचंड संप त्यातूनच उद्भवला. १९१४ चा गांधी-स्मट्स समझोता आणि १९२७ चा केपटाउनचा करार ही याच परंपरेतील पुढची पाने होत. केपटाउनच्या करारात तर हिंदी लोकांच्या ‘उन्नती’ची ग्वाही एका हाताने दिली होती आणि त्यांना हिंदुस्थानात परत धाडण्याच्या योजनेस दुसऱ्या हाताने मान्यता घेतली होती.

या भूमिकेतील दोष उघड आहे. जो हक्क करारातून मिळतो तो करार मोडला की जातो; आणि ज्याच्याशी कुणी करारच केला नाही त्या आफ्रिकन मनुष्याला त्यात स्थानच नसते. नायकरांच्या पिढीने हा दोष ओळखला. परंतु तो ओळखण्यासाठी त्यांना आधी दूर जावे लागले.

नायकरांचा जन्म डर्बन येथे ३० सप्टेंबर १९१० रोजी झाला. वडील केळ्यांचे निर्यातदार. घरची स्थिती चांगली. मॅट्रिक झाल्यावर ते वैद्यकीय शिक्षणासाठी एडिंबरोला गेले. हा हौसेचा प्रवास नव्हता. नाताळात गौरेतर विद्यार्थ्यांसाठी वैद्यकीय महाविद्यालय निघाले ते १९५१ मध्ये. तोवर डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्या हिंदी किंवा आफ्रिकन तरुणाला बहुधा समुद्रापार जाण्याखेरीज गत्यंतर नसे. एडिंबरोला त्याच सुमारास ट्रान्सवालच्या क्रूगर्सडॉर्प गावचे युसूफ दादू आणि डर्बनच्याच गूनम या विद्यार्थिनी शिकत होत्या. पुढील तीस वर्षांच्या राजकारणातली तीन नावे अशी एका विद्यापीठनगरीत एकत्र आली. दादू यांना त्याआधी लंडनमध्ये सायमन कमिशनविरोधी निदर्शनांत अटक झाली होती. वडिलांनी त्यांना राजकारणापासून दूर ठेवण्यासाठी एडिंबरोला पाठविले, असे सांगतात. तो उपाय लागू पडला नाही, हे निराळे सांगावयास नको.

१९३४ मध्ये नायकर डर्बनला परतले व त्यांनी दवाखाना काढला. येथे क्षणभर थांबून हे पाहिले पाहिजे की, या लढ्याचे नेतृत्व डॉक्टरांकडे का आले. दक्षिण आफ्रिकेतील गौरेतर समाजात शिकलेल्या माणसास मुख्यतः तीन मार्ग खुले होते: शिक्षकी, धर्मोपदेशकाची वृत्ती आणि कारकुनी. या तिन्हींमध्ये पोटाची दोरी सरकारच्या, मिशनच्या वा गोऱ्या मालकाच्या हाती असे. व्यापारी स्वतंत्र खरा. पण त्याचे दुकान परवान्यावर आणि जमिनीच्या हक्कावर अवलंबून असल्याने तो सरकारशी तडजोडीस सदैव उत्सुक. डॉक्टरला मात्र रोग्याखेरीज कुणाचे मिंधेपण नव्हते. दुसरे कारण अधिक खोल आहे. डर्बनच्या गलिच्छ वस्त्यांत क्षय आणि कुपोषण यांवर औषध देणाऱ्याला दाटीवाटीची घरे, तुटपुंजी मजुरी आणि जमिनीचे कायदे ही रोगाची कारणे म्हणूनच दिसत. रोग्याच्या खोकल्यावरून तो हिंदी की आफ्रिकन हे ओळखता येत नाही. अर्थात या कारणाला अवाजवी महत्त्व देऊ नये. तशाच वस्त्यांत औषधे देणारे आणि राजकारणाकडे ढुंकूनही न पाहणारे डॉक्टर पुष्कळ होते. व्यवसायाने दृष्टी दिली तरी धैर्य ज्याचे त्यालाच आणावे लागते.

राजकीय संघर्षाला तोंड फुटले ते जमिनीच्या प्रश्नावरून. डर्बनमध्ये हिंदी लोक गोऱ्यांच्या वस्तीत घरे घेत आहेत या ओरडीवरून १९४३ मध्ये ‘पेगिंग अ‍ॅक्ट’ झाला. त्याने गोरे व हिंदी यांच्यातील जमिनीचे व्यवहार तीन वर्षांसाठी गोठविले. जुन्या व्यापारी नेतृत्वाने १९४४ च्या एप्रिलमध्ये स्मट्स यांच्याशी प्रिटोरिया येथे एक समझोता केला. त्याचा मथितार्थ असा की, कायदा मागे घ्यावा आणि त्याच्या जागी कोणी कोठे राहावे हे परवाना-मंडळाने ठरवावे. म्हणजे विभक्त वस्तीचे तत्त्व हिंदी पुढाऱ्यांनी आपल्याच सहीने मान्य केले. नायकर व त्यांचे सहकारी यांनी याविरुद्ध ‘अँटी-सेग्रिगेशन कौन्सिल’ स्थापन केली. कामगार संघटनांचा पाठिंबा तिला मिळाला आणि ऑक्टोबर १९४५ मध्ये १८९४ साली गांधीजींनी स्थापिलेल्या नाताळ इंडियन काँग्रेसची सूत्रे नायकरांच्या हाती आली. ट्रान्सवाल इंडियन काँग्रेसचे अध्यक्षपद त्याच वर्षी डॉ. दादू यांच्याकडे गेले. हा केवळ व्यक्तींचा पालट नव्हता. व्यापाऱ्यांच्या संस्था आता गिरमिटियांच्या नातवंडांच्या संस्था झाल्या.

१९४६ मध्ये स्मट्स सरकारने जमिनीविषयीचा नवा कायदा आणला. लोकांनी त्याला ‘घेटो अ‍ॅक्ट’ असे नाव ठेवले. त्याच्या पहिल्या भागाने हिंदी लोकांच्या जमीनखरेदीवर व वास्तव्यावर कायमची बंधने घातली. दुसऱ्या भागाने भरपाई म्हणून स्वतंत्र मतदारसंघ देऊ केला, मात्र युनियनच्या संसदेत त्या मतदारांचे प्रतिनिधी गोरेच असावयाचे होते. दोन्ही भाग नाकारून १३ जून १९४६ रोजी सत्याग्रहास आरंभ झाला. डर्बनमध्ये अंबिलो रोड व गेल स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावरील एका मोकळ्या जागेवर नायकरांच्या नेतृत्वाखाली पहिल्या तुकडीने तंबू ठोकले. गोऱ्या गुंडांनी ते पुनःपुन्हा उखडले, स्त्रीपुरुषांना मारहाण केली. तरी रोज नवी तुकडी येतच राहिली. डॉ. गूनम तुरुंगात गेल्या. मायकेल स्कॉट हे अँग्लिकन धर्मोपदेशकही गेले. नायकरांना सहा महिन्यांची सक्तमजुरी झाली. १९४८ पर्यंत चाललेल्या या चळवळीत सुमारे २,००० लोकांनी कारावास भोगला.

याच वेळी प्रश्न आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर गेला. हिंदुस्थान सरकारने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला, आपला हायकमिशनर परत बोलाविला आणि जून १९४६ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाकडे तक्रार नोंदविली. विजयालक्ष्मी पंडित यांनी ती आमसभेत चालविली. प्रतिपक्षाकडे स्वतः स्मट्स होते. ज्या गृहस्थाने राष्ट्रसंघाच्या सनदेच्या प्रास्ताविकाचा मसुदा तयार करताना मूलभूत मानवी हक्कांवरील श्रद्धेचा उच्चार केला, त्यालाच अवघ्या दीड वर्षाने हा आमच्या घरचा प्रश्न आहे, त्यात कुणी हात घालू नये, असे म्हणावे लागले. इतिहासातील विसंगतींमध्येही ही विसंगती असामान्यच म्हटली पाहिजे. ८ डिसेंबर १९४६ रोजी ठराव ३२ विरुद्ध १५ मतांनी संमत झाला. सात राष्ट्रे तटस्थ राहिली. तथापि या ठरावाचाही आधार काही अंशी जुनाच होता: हिंदी लोकांना दिली जाणारी वागणूक दोन सरकारांमधील करारांशी व सनदेशी सुसंगत असावी, असे त्यात म्हटले होते. करार अजून सुटला नव्हता.

तो सोडविण्याचे कार्य जोहान्सबर्गमध्ये झाले आणि त्यात तिसऱ्या डॉक्टरचा वाटा मोठा होता. डॉ. आल्फ्रेड बिटिनी झूमा हे १९४० पासून आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे अध्यक्ष होते. ट्रान्सकाय प्रांतात १८९३ च्या सुमारास जन्मलेला हा खेडुताचा मुलगा अमेरिकेत स्वकष्टाने शिकून डॉक्टर झाला, युरोपात पुढील शिक्षण घेऊन परतला आणि जोहान्सबर्गच्या सोफियाटाउन वस्तीत व्यवसाय करू लागला. १९४३ च्या डिसेंबरमध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसने ‘आफ्रिकन क्लेम्स’ नावाचा दस्तऐवज स्वीकारला. चर्चिल-रूझवेल्ट यांच्या अटलांटिक सनदेतील प्रत्येक कलम आफ्रिकेला लावून पाहणे आणि त्यास हक्कांची एक सनद जोडणे, असे त्याचे स्वरूप होते. मानवी हक्कांचा जागतिक जाहीरनामा निघाला तो त्यानंतर पाच वर्षांनी. मानवी हक्कांची कल्पना पश्चिमेकडून वसाहतींना देणगी म्हणून मिळाली, असे जे सर्रास लिहिले जाते त्याला या कालक्रमाने चांगलाच छेद जातो. १९४६ च्या अखेरीस झूमा न्यूयॉर्कला गेले होते. हिंदी सत्याग्रहाचे प्रतिनिधीही तेथे होते. जे मायदेशी शेजारी राहूनही एकत्र बसत नसत ते राष्ट्रसंघाच्या दारी एकत्र बसले.

९ मार्च १९४७ रोजी झूमा, दादू व नायकर यांनी सहकार्याच्या संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. सही करणारे तिघेही डॉक्टर, म्हणून लोकांत तो ‘डॉक्टरांचा करार’ या नावाने रूढ झाला. मजकूर थोडाच आहे. सर्वांना संपूर्ण मताधिकार. समान आर्थिक व औद्योगिक हक्क आणि आफ्रिकन कामगार संघटनांना मान्यता. जमिनीवरील निर्बंधांचे निर्मूलन व पुरेशी घरे. मोफत व सक्तीचे शिक्षण. पासचे कायदे आणि हिंदी लोकांना प्रांतबंदी करणारे कायदे यांपासून मुक्तता. सर्व भेदमूलक कायद्यांची समाप्ती. या यादीत पूर्वीच्या कोणत्याही समझोत्याचा आधार घेतलेला नाही, कोणत्याही सरकारच्या आश्वासनाची आठवण दिलेली नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पासचे ओझे आफ्रिकनांवर होते आणि प्रांतबंदी हिंदी लोकांवर. दोहोंचा उल्लेख एकाच कलमात आला. एकाच्या दुखण्यावर दुसऱ्याने सही केली, हे या दस्तऐवजाचे खरे नावीन्य होय.

सही होताच नायकर व दादू हिंदुस्थानात आले. दिल्लीच्या आशियाई परिषदेस उपस्थित राहिले आणि गांधीजींना भेटले. या भेटीला पूर्वेतिहास होता. १९३९ मध्ये हिंदी व आफ्रिकन यांनी संयुक्त आघाडी करू नये, असे मत गांधीजींनी दिले होते. दोघांचे प्रश्न भिन्न आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. मे १९४७ मधील त्यांच्या संदेशात मात्र दक्षिण आफ्रिकेतील सर्व शोषित जमातींच्या राजकीय सहकार्याने परस्परांविषयी सद्भावच वाढेल, मात्र ते सहकार्य शहाणपणाने चालविलेले व सत्य-अहिंसेवर आधारलेले असावे, असा अभिप्राय आढळतो. नायकर स्वतः अहिंसेचे निष्ठावंत अनुयायी होते आणि दादू कम्युनिस्ट पक्षाचे सभासद. दोघांनी गुरुस्थानी मानलेल्या पुरुषाची एका महत्त्वाच्या मुद्द्यावरील अनुमती त्यांनी अशी मिळविली.

करार झाला; पण तो पुढाऱ्यांमध्ये झाला होता. जनतेमध्ये तो किती झिरपला होता, याची परीक्षा दोन वर्षांच्या आतच आणि अत्यंत क्रूरपणे झाली. १३ जानेवारी १९४९ च्या सायंकाळी डर्बनच्या हिंदी बाजारात एका आफ्रिकन मुलाला हिंदी माणसाने मारल्याचे निमित्त झाले आणि तीन दिवस शहर पेटले. अधिकृत आकड्यांप्रमाणे १४२ माणसे मेली, हजारांवर जखमी झाली, हिंदी लोकांची घरे व दुकाने जळाली. मृतांत आफ्रिकनांची संख्या हिंदी लोकांहून अधिक होती. पोलिस व लष्कर यांच्या गोळीबाराचा तो परिणाम. काही गोऱ्या बघ्यांनी दंगेखोरांना चिथावणी दिल्याच्या साक्षी उपलब्ध आहेत आणि काँग्रेसच्या पुढाऱ्यांनी त्यांवर पुष्कळ भर दिला. परंतु एवढ्याने दंगलीचा उलगडा होत नाही. कॅटो मॅनॉरमधील झोपड्यांची जमीन हिंदी मालकांची आणि भाडेकरू आफ्रिकन. बसगाड्या हिंदी लोकांच्या आणि प्रवासी आफ्रिकन. दुकानदार हिंदी आणि उधारीचे गिऱ्हाईक आफ्रिकन, अशी जी दैनंदिन विषमता होती तिला १९४७ च्या जाहीरनाम्यात एकही कलम नव्हते. भेदमूलक कायदे रद्द करा, ही मागणी सरकारकडे होती. घरमालकाने भाडेकरूशी कसे वागावे हा विषय त्या कागदाच्या कक्षेबाहेर राहिला. डॉक्टरांचे निदान बरोबर होते, पण ते रोगाच्या एकाच मुळापर्यंत पोहोचले होते, असे म्हणणे भाग आहे.

तरीही दंगलीच्या त्या दिवसांत कराराचा एक उपयोग झालाच. आफ्रिकन व हिंदी काँग्रेसचे पुढारी एकत्र फिरले, शांततेची आवाहने एकत्र काढली आणि दोषाचा वाटा एकमेकांवर ढकलण्याचे सार्वजनिक भांडण टाळले. दोन वर्षांपूर्वीच्या सह्या नसत्या तर हे घडले असते काय, याविषयी शंका घेण्यास जागा आहे.

याच वर्षाअखेर झूमा यांचे नेतृत्व संपुष्टात आले. काँग्रेसच्या युवक संघाने बहिष्कार, संप व कायदेभंग यांचा कार्यक्रम त्यांच्यापुढे ठेवला तेव्हा आपला चालता व्यवसाय सोडून तुरुंगात जाण्याची त्यांची तयारी नव्हती, असे नेल्सन मंडेला यांनी आत्मचरित्रात नोंदविले आहे. ज्या व्यवसायाने झूमा यांना सरकारपासून स्वातंत्र्य दिले, त्याच व्यवसायाचे आता बंधन झाले. त्यांच्या जागी आलेले जेम्स मोरोका हेही एडिंबरोला शिकलेले डॉक्टरच. त्यांनीही १९५२ च्या खटल्यात सहकाऱ्यांपासून अलग होऊन स्वतंत्र वकील दिला आणि आपले पद गमावले. झूमा यांच्यावर भ्याडपणाचा शिक्का मारणे अन्यायाचे होईल. ज्याने मोडकळीस आलेली संस्था पुन्हा उभी केली आणि स्त्रियांना तिच्यात पूर्ण सभासदत्व मिळवून दिले, त्याचे मोजमाप एका नकारावरून करता येत नाही. परंतु नायकरांशी तुलना केली असता फरक स्पष्ट दिसतो. दवाखाना दोघांचाही होता. नायकरांनी तो सहा सहा महिने बंद ठेवण्याची किंमत मोजली.

ती किंमत पुढेही चालूच राहिली. मे १९४८ मध्ये मलान यांचा नॅशनल पक्ष सत्तेवर आला होता आणि वर्णविद्वेषाला आता ‘अपार्थाइड’ या नावाने शासकीय तत्त्वज्ञानाचे रूप मिळाले होते. १९५० च्या ‘ग्रूप एरियाज अ‍ॅक्ट’ने घेटो कायद्याचे तत्त्व साऱ्या देशाला व सर्व जमातींना लागू केले. २६ जून १९५२ रोजी दोन्ही काँग्रेसांनी मिळून जो कायदेभंग सुरू केला त्यात आठ हजारांहून अधिक लोक तुरुंगात गेले; डर्बनमध्ये नायकर त्यांत होते. १९४७ चा कागदी करार प्रत्यक्षात आला तो येथे. १९५५ च्या क्लिपटाउन येथील लोकसभेत जी ‘फ्रीडम चार्टर’ संमत झाली तिच्या अनेक कलमांत तिन्ही डॉक्टरांच्या यादीचा विस्तार दिसतो. पण बंदीहुकुमामुळे नायकर किंवा दादू यांना त्या सभेत जाता आले नाही. दादूंना देण्यात आलेला ‘इसिट्वालांड्वे’ हा सन्मान त्यांच्या मातोश्रींनी स्वीकारला. डिसेंबर १९५६ मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून पकडलेल्या १५६ जणांत नायकर होते. पुढे त्यांच्यावरील आरोप मागे घेण्यात आले. १९६० मध्ये शार्पव्हिलच्या गोळीबारानंतर दादू देशाबाहेर गेले आणि त्यांनी परदेशातून सशस्त्र लढ्याच्या संघटनेत भाग घेतला. नायकर डर्बनलाच राहिले. १९६० नंतरच्या दशकाचा बहुतेक काळ त्यांना सभाबंदी होती. त्यांचे शब्द छापण्यासही मनाई होती. सार्वजनिक जीवन असे बंद झाल्यावर जे उरले ते मूळचेच काम होते. सरकारने त्यांची सभा बंद केली; रोगी तपासणे बंद केले नाही.

झूमा १९६२ मध्ये, नायकर १२ जानेवारी १९७८ रोजी डर्बन येथे आणि दादू १९८३ मध्ये लंडनला मृत्यू पावले. नायकरांच्या मृत्यूच्या दिवशी १९४७ च्या जाहीरनाम्यातील सहा मागण्यांपैकी एकही पूर्णपणे मान्य झालेली नव्हती. आफ्रिकन कामगार संघटनांना कायदेशीर मान्यता मिळण्यास त्यानंतर वर्षभराने आरंभ झाला. पासचे कायदे १९८६ मध्ये रद्द झाले. जमिनीचे व वस्तीचे कायदे १९९१ मध्ये. आणि एप्रिल १९९४ मध्ये सर्व वर्णांच्या प्रौढ स्त्रीपुरुषांनी एकाच यादीवर प्रथम मतदान केले. पुरेशा घरांची मागणी कॅटो मॅनॉरमध्ये त्यानंतरही शिल्लक राहिली.